जुना कॉम्प्युटर दिवसेंदिवस मंद होतोय? कुठे अडतंय ते आधी शोधा

घरातला सात-आठ वर्षांचा कॉम्प्युटर एका दिवसात मंद होत नाही. आधी सुरू व्हायला जरा जास्त वेळ लागतो. मग फाइल उघडताना पांढरी विंडो नुसतीच उभी राहते. आपणही जुळवून घेतो, बटण दाबून दुसऱ्या कामाला लागतो आणि एक दिवस घरातलं कुणीतरी म्हणतं, "जुना झाला, आता हा असाच चालणार." ही एकच तक्रार मी बरीच वर्षं निस्तरत आलोय आणि हे वाक्य मला अजूनही पटत नाही. प्रोसेसर वयानं हळू होत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर थंड राहिला आणि त्याला पुरेशी वीज मिळाली, तर दहा वर्षांनीही तो तेवढ्याच वेगानं चालतो. मंद मशिनमधला प्रोसेसर बहुतेक वेळा कशाची तरी वाट बघत बसलेला असतो. कधी डिस्कची, कधी मेमरीची, तर कधी उष्णता बाहेर पडण्याची. त्याला कोण खोळंबवतंय हे कळल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका आणि काहीही उघडू नका.

माझ्याकडे येतात ती बहुतेक मशिन विंडोजवर चालतात, म्हणून खाली नावं विंडोजमधली आहेत. हार्डवेअरबद्दलचं सगळ्यांना लागू पडेल.

लक्षणं

"स्लो आहे" एवढ्यावरून काहीच कळत नाही. केव्हा स्लो होतो, ते दोन दिवस नीट बघा.

सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच हलत नाही, नंतर गाडी रुळावर येते: आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम जास्त झालेत आणि डिस्कला ते झेपत नाहीत.

सुरुवातीला ठीक, पण अर्ध्या-पाऊण तासानं मंद आणि पंखा घोंघावतोय: उष्णता.

एक-दोन प्रोग्रॅम असेपर्यंत बरं, ब्राउझरचे टॅब वाढले की एका विंडोतून दुसरीत जायलाही वेळ लागतो: मेमरी अपुरी पडतेय.

माउसचा बाण हलतो पण क्लिक लागत नाही, अर्धा मिनिट सगळं गोठतं, मग आधी केलेले सगळे क्लिक एकदम लागू होतात: डिस्क आजारी असण्याची दाट शक्यता आहे. हे लक्षण दिसलं तर पुढचं वाचण्याआधी महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या.

फक्त वेबसाइट हळू उघडतात, बाकी सगळं ठीक आहे: त्याच वायफायवर फोन लावून बघा. फोनवरही तसंच होत असेल तर दोष कॉम्प्युटरचा नाही.

आधी फाइलची कॉपी

वरचं चौथं लक्षण नसलं, तरीही कॉपी करा. यामागचं कारण मला फार महागात पडून कळलंय. एकदा एका घरच्या मशिनवर अशाच गोठण्याची तक्रार होती. मी रात्री विंडोजच्या चेकडिस्क या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमची पूर्ण पृष्ठभाग तपासणारी चाचणी लावली आणि झोपलो. ही चाचणी डिस्कचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचा छोटा कप्पा, वाचून बघते, म्हणजे आजारी डिस्ककडून तासन्‌तास सक्तीची मेहनत करून घेते. सकाळी ती डिस्क बायोसलाही (विंडोजच्या आधी मशिन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमलाही) दिसेना. त्या घरातल्या लहान मुलांचे कित्येक वर्षांचे फोटो त्यावर होते. आधी फोटो उतरवून घेतले असते तर ते वाचले असते. तेव्हापासून कॉपी झाल्याशिवाय मी मशिनला हात लावत नाही.

रीस्टार्ट, शटडाउन नव्हे

सगळ्यात सोपा उपाय हाच आहे आणि तो बहुतेकांनी केलेला नसतो. "मी रोज बंद करतो" असं ते म्हणतात आणि ते खरंही असतं. पण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आलीय. ती चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम) डिस्कवर जसेच्या तसे साठवले जातात आणि पुढच्या वेळी तेच परत उचलले जातात. त्यामुळे रोज बंद होणारं मशिनही आतून दोन-दोन महिने ताजं सुरू झालेलं नसतं. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. टास्क मॅनेजरमध्ये (तो कसा उघडायचा ते पुढे आहे) परफॉर्मन्सखाली सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, पानावर अपटाइम दिसतो, म्हणजे ताजं सुरू झाल्यापासूनचा वेळ. तिथे कित्येक दिवसांचा आकडा असेल तर आधी रीस्टार्ट करा आणि अपडेट अडकून पडले असतील तर तेही पूर्ण होऊ द्या.

टास्क मॅनेजर: इथे घाई करू नका

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. रीस्टार्टनंतर पंधरा मिनिटं काहीही न उघडता फक्त बघत बसा. सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे तीन रकाने पुरेसे आहेत.

डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल तर परफॉर्मन्सच्या पानावर जाऊन डिस्क निवडा. तिथले दोन आकडे एकत्र वाचायचे. वाचण्या-लिहिण्याचा वेग सेकंदाला १०० एमबीच्या आसपास असेल, तर डिस्क खरंच मोठं काम करतेय, थांबा. पण १०० टक्के व्यस्त असूनही वेग सेकंदाला एक-दोन एमबीच असेल, तर तिची नुसती धावपळ चाललीय. आता सरासरी प्रतिसादाचा वेळ बघा. चांगली हार्ड डिस्क काही मिलिसेकंदांपासून वीस-तीस मिलिसेकंदांपर्यंत उत्तर देते. खूप कामं एकदम अंगावर आली की हा आकडा थोडा वेळ वाढतो, ते चालतं. पण फारसं काम नसताना तो शेकड्यांत किंवा हजारांत जात असेल तर ती डिस्क संशयित आहे.

सीपीयू वर असेल तर कोणता प्रोग्रॅम तो खातोय ते नाव बघा. विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर असेल तर अपडेट चाललंय, होऊ द्या. अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल असेल तर स्कॅन चाललंय. अनोळखी नाव काहीही उघडं नसताना तासन्‌तास प्रोसेसर वापरत असेल तर विंडोज सिक्युरिटीतून ऑफलाइन स्कॅन करा. तो स्कॅन विंडोज सुरू होण्याआधी चालतो, त्यामुळे लपून बसलेला मालवेअरही सापडण्याची शक्यता वाढते.

परफॉर्मन्समधल्या सीपीयूच्या पानावर एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. बेस स्पीड आणि चालू स्पीड शेजारी-शेजारी दिसतात. मशिन कामात असताना, २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ०.८ वर अडकून बसलेला दिसला, तर त्याला कुणीतरी मुद्दाम रोखलंय. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल.

फुकट होणारी साफसफाई

टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीत जा. प्रिंटरचे मदतनीस, चॅटचे प्रोग्रॅम, गेमचे लाँचर, अपडेट शोधणारे छोटे प्रोग्रॅम असं बरंच सापडेल. ते डिसेबल केल्यानं काढून टाकले जात नाहीत, फक्त आपणहून सुरू व्हायचे थांबतात, म्हणून न घाबरता बंद करा. अँटीव्हायरस आणि टचपॅडचे प्रोग्रॅम राहू द्या.

दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. उघडणारी प्रत्येक फाइल दोघंही तपासतात, आणि जुन्या डिस्कवर हा भार लगेच जाणवतो. मशिनसोबत चाचणीपुरता आलेला अँटीव्हायरस मुदत संपूनही तसाच बसलेला मी फार वेळा बघितलाय.

ब्राउझरमधली एक्स्टेन्शन तपासा. जे कशासाठी घेतलं ते आठवत नाही, ते काढा. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर किमान पंधरा-वीस टक्के जागा मोकळी करा. अपडेट उतरवायला, तात्पुरत्या फाइलना आणि मेमरी कमी पडली की वापरल्या जाणाऱ्या पेज फाइलला ती जागा लागते. लॅपटॉपवर पॉवर सेव्हर चालू राहिलेला नाही ना, तेही बघा.

रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करून वेग वाढवतो असं सांगणारे प्रोग्रॅम मात्र घेऊ नका. रजिस्ट्रीतल्या चार जुन्या नोंदी काढून मशिन पळायला लागलंय असं मला एकदाही दिसलेलं नाही. चुकीची नोंद निघाल्यानं बंद पडलेली मशिन मात्र दुरुस्त करावी लागली आहेत.

डिस्कची तब्येत

हार्ड डिस्क आणि एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) दोन्ही स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवतात. तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम ती नोंद दाखवतो. हार्ड डिस्कच्या लांबलचक यादीतल्या चार ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदली जागेवर हलवलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्तच न झालेले. या तिन्हींचा खरा आकडा (रॉ व्हॅल्यूच्या रकान्यातला) शून्य असायला हवा. ०५ मध्ये थोडा आकडा असेल आणि तो महिनोन्‌महिने तेवढाच असेल तर एक वेळ नजर ठेवून चालेल. सी५ वाढत असेल तर ती डिस्क बदलायचीच आहे.

अर्धा मिनिट सगळं का गोठतं, त्याचं उत्तरही इथेच आहे. एखादा सेक्टर वाचता आला नाही की डिस्क हार मानत नाही, पुन:पुन्हा वाचून बघते. तोवर त्या डिस्कसमोरच्या रांगेतले बाकीचे सगळे ताटकळतात. मशिनला कान लावला तर कधीकधी एकसारखी बारीक टकटक ऐकूही येते. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत सिस्टिमच्या नोंदीत डिस्क नावानं ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी दिसल्या तर खात्रीच पटते. ७ म्हणजे खराब ब्लॉक सापडला, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं.

चौथी ओळ सी७. ती डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाहतुकीतल्या चुका मोजते. हा आकडा एकदा वाढला की कमी होत नाही, म्हणून आज लिहून ठेवा आणि आठवड्यानं पुन्हा बघा. डेस्कटॉपवर तो वाढत असेल तर आधी साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी) बदला. डिस्क चांगली असून केवळ ढिली केबल सगळ्यांना छळत होती, असं मला एकाहून अधिक वेळा सापडलंय.

विंडोजचा दोष की यंत्राचा

पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) टाका आणि काहीही इन्स्टॉल न करता त्यावरूनच मशिन सुरू करा. आतल्या डिस्कला यात हात लागत नाही. पेनड्राइव्हवरून सुरू व्हायला वेळ लागेल, तो सोडून द्या. एकदा सुरू झाल्यावर ब्राउझर उघडा, व्हिडिओ लावा, अर्धा तास वापरा. इथे सगळं सुरळीत असेल तर प्रोसेसर, मेमरी आणि पंखा ठीक आहेत. अडचण विंडोजमध्ये किंवा डिस्कमध्ये आहे. इथेही रडतखडत चाललं तर विंडोज पुन्हा टाकण्यात शनिवार-रविवार घालवू नका, यंत्र तपासा. एका तासाची ही चाचणी पुढचे दोन दिवस वाचवते.

धूळ आणि उष्णता

मघाशी लिहून ठेवलेला वेगाचा आकडा इथे कामाला येतो. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या जवळ पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. एचडब्ल्यूमॉनिटरसारख्या प्रोग्रॅमवर तापमान बघा. हलक्या कामातही ते ९० च्या वर राहत असेल तर हवेचा रस्ता बंद आहे. तापमान कमी असूनही वेग अडकलेला असेल, तर लॅपटॉपचा चार्जर बघा. काही लॅपटॉप चार्जरची ओळख पटली नाही की वेग मुद्दाम खाली ठेवतात. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, फरक लगेच कळतो.

लॅपटॉप बाहेरून फुंकून साफ होत नाही. एकदा मी खालचं झाकण काढलं तेव्हा पंखा बाहेरून स्वच्छ दिसत होता. पंख्याचं घर उघडलं तर पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्यांच्या मध्ये धुळीची एक पट्टी जमली होती. करडी, दाट, कापडासारखी. चिमट्यात धरली तर अखंड निघाली. हवा पंख्यातून सुटत होती आणि त्या पट्टीवर आपटून थांबत होती. ती काढल्यावर त्याच कामाला तापमान वीस अंशांनी उतरलं. दुसरं काहीही केलं नव्हतं.

उघडण्याआधी वायर काढा, शक्य असेल तर आतला बॅटरीचा जोड सोडवा, धातूच्या भागाला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. दाबलेल्या हवेचा डबा मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. मोकळा पंखा हवेनं वाटेल तसा गरगरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पुढे पोचवणारा लेप) बदलायची असेल तर हीटसिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागावर, स्क्रूशेजारी छापलेले क्रमांक पाळा. नसतील तर समोरासमोरचे स्क्रू थोडे-थोडे सैल करा. डेस्कटॉपचा कूलर सरळ वर ओढू नका. मशिन थोडं चालवून कोमट करा, वायर काढा आणि कूलर हलकेच फिरवून सोडवा. नाहीतर घट्ट चिकटलेल्या पेस्टबरोबर प्रोसेसरच सॉकेटमधून बाहेर येऊ शकतो आणि पिना वाकतात.

मेमरी

रोजच्या वापरात मेमरी सतत ८५-९० टक्के भरलेली असेल तरच वाढवा. ४ जीबीवर आजचा ब्राउझर आणि विंडोज दोन्ही नीट मावत नाहीत. ८ जीबी झाली की घरकामाला पुरेशी होते. आधी सेटिंगमध्ये विंडोज ३२ बिटची नाही ना ते बघा, कारण ती ४ जीबीच्या पुढे जातच नाही. किती स्लॉट मोकळे आहेत ते टास्क मॅनेजर सांगतो. डीडीआर३ आणि डीडीआर४ या मेमरीच्या दोन पिढ्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एक दुसऱ्यात बसत नाही, जोर लावू नका. डीडीआर३ वापरणाऱ्या काही लॅपटॉपना फक्त १.३५ व्होल्टची मेमरी चालते, म्हणून आधीच्या पट्टीवरचं लेबल वाचा.

हार्ड डिस्क काढून एसएसडी

आतली डिस्क अजून फिरणारी असेल, तर माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. लॅपटॉपची हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, शिवाय हेड योग्य मार्गावर न्यायचा वेळ वेगळा. हिशोब केला तर विखुरलेल्या छोट्या फाइल ती सेकंदाला पन्नास-शंभरच वाचू शकते. विंडोज सुरू होताना अशी हजारो वाचनं मागते. एसएसडीत फिरायचं काहीच नसतं, तिथे हाच आकडा हजारोंत जातो.

नवी असताना हीच डिस्क बरी का चालत होती, याचंही उत्तर यातच आहे. तेव्हा पार्श्वभूमीवर चालणारे प्रोग्रॅम कमी होते. फाइल सलग लिहिलेल्या होत्या, नंतर त्यांचे तुकडे इकडेतिकडे विखुरले. आणि डिस्क बाहेरच्या कडेपासून भरत जाते. आतल्या छोट्या वर्तुळांवर एका फेऱ्यात माहिती कमी मावते, म्हणून तिथला वेग जवळजवळ निम्मा होतो. भरत चाललेली डिस्क अशी महिन्यागणिक मंदावते.

जुन्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी बसते. डिस्क निरोगी असेल तर तिची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर घेता येते. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा, म्हणजे विंडोजचा गोंधळ होत नाही. सी५ वाढलेल्या डिस्कची मात्र अशी प्रत घेऊ नका. फाइल आधीच उतरवलेल्या असतील तर विंडोज नव्यानं टाका. जुनी डिस्क दोन-तीन महिने पुसू नका, काहीतरी राहून गेलेलं असतंच. एसएसडी डीफ्रॅग करायची (विखुरलेले तुकडे सलग लावायची) नसते, तिची निगा विंडोज स्वतः राखतं. तीही काठोकाठ भरू देऊ नका.

आधीपासून एसएसडी असेल, डिस्क-मेमरी-तापमान सगळं ठीक असेल आणि तरीही विंडोज मंद असेल, तेव्हाच विंडोज नव्यानं टाका. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत नाहीत. अशा मशिनवर फक्त ब्राउझर, मेल आणि लिहिणं होत असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती मी मनापासून सुचवतो. मघाची पेनड्राइव्ह चाचणी सुरळीत झाली असेल तर तुम्ही मिंट वापरून बघितलेलंच आहे.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

डिस्कमधून मोठी खटखट येत असेल, किंवा ती कधी दिसते कधी नाही आणि कॉपी झालेली नसेल, तर मशिन त्याच क्षणी बंद करा. पुन्हा सुरू करून बघू नका, रिकव्हरीचा कुठलाही प्रोग्रॅम घरी चालवू नका. हेड पृष्ठभागाला घासत असेल तर प्रत्येक मिनिटाला माहिती कायमची जाते. डिस्क उघडणं तर घरचं काम नाहीच. ते डेटा रिकव्हरीवाल्यांकडे धूळमुक्त खोलीत होतं.

लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेलाय किंवा खालचं झाकण फुगलंय, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच थांबवा, दाबू नका, टोचू नका. डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय उघडू नका, वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहतो. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरची टोपी फुगलेली दिसली, जळका वास आला किंवा मशिन आपोआप बंद होऊ लागलं, तर ते सोल्डरिंगवाल्या माणसाचं काम आहे.

दुरुस्तीला देताना लिहून ठेवलेले आकडे सोबत द्या: स्मार्टच्या चार ओळी, प्रोसेसरचा वेग, तापमान, पेनड्राइव्ह चाचणीत काय झालं. डिस्क बिटलॉकरनं (विंडोजमधल्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीनं) एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिची रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये बदल झाला किंवा मदरबोर्ड बदलला की विंडोज तीच ४८ आकडी की मागतं, आणि ती नसेल तर धडधाकट डिस्कवरच्या फाइलही उघडत नाहीत.